उन्हातलं टेबल

मला फक्त टेबल बाहेर काढायचं होतं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यावरून आमच्या इमारतीत असा समज पसरला आहे की मी मुळात मोठा महत्त्वाकांक्षी माणूस असून उतारवयात मला बांधकामाचं वेड लागलं. मी महत्त्वाकांक्षी नाही. असतो तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना शेवटी सूच्या जोडत बसलो नसतो.

सूची म्हणजे जाड पुस्तकाच्या शेपटाला बारीक टायपात असते ती. कुठला शब्द, कुठलं नाव कुठल्या पानावर आलंय ते सांगणारी. ती कुणीतरी माणूस बसून करतो, हे वाचकांच्या गावीही नसतं. त्यांना वाटतं, नखं वाढतात तशी ती पुस्तकाला आपोआप वाढते. एकेका शब्दाचं एकेक कार्ड करायचं, त्यावर पानांचे आकडे टाकायचे, कार्डं वर्णक्रमानं लावायची आणि शेवटी सगळं उतरवून काढायचं. बरोबर आलं तर कुणी काही बोलत नाही. चुकलं तर मात्र थेट लेखकाचा फोन येतो. कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून मी हा धंदा धरला, आणि या वयात दुसरं काही जमेलसं वाटत नाही म्हणून तो अजून सोडला नाही.

यावेळचं पुस्तक पुलांवरचं होतं. पूल कसे बांधतात, कसे पडतात, पडल्यावर कोण कुणाकडे बोट दाखवतं, असा सगळा इतिहास. प्रकाशक फोनवर म्हणाले, "सर, खरं सांगू का, सूच्या आता कॉम्प्युटरच काढतो. पण लेखकमहाशय हटून बसलेत, सूची तुमच्याच हातची हवी म्हणून. जमेल ना?"

मी "जमेल" म्हणालो. म्हणताना आवाज जरा जास्तच मोठा लागला, त्यावरून माझं मलाच कळलं की काही खरं नाही.

कारण त्याच सकाळी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. डॉक्टर तरुण आणि हसतमुख होते. "आजोबा, उजवा डोळा आता विसरा," ते म्हणाले, "डावा आहे तोवर आहे. भरपूर उजेडात काम करा." 'आहे तोवर आहे' हे वाक्य मी घरापर्यंत उलटसुलट करून पाहिलं. कुठूनही वाचलं तरी अर्थ तोच निघत होता. घरी बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "नंबर थोडा वाढलाय." पुलांची सूची माझ्या हातून झाली तर मी अजून कामाचा माणूस होतो. नाही झाली तर माझ्यात उरत काय होतं? एक मफलर आणि सकाळचा खोकला.

आता आमच्या घरात उजेड म्हणाल तर तो गेल्या वर्षीच गेला. शेजारच्या रिकाम्या जागेवर उंच इमारत उठली आणि आमच्या तळमजल्यावर भरदुपारी सिनेमा सुरू व्हायच्या आधीचा अंधार पसरला. तेव्हापासून दाराआडच्या रेनकोटला मी एक-दोनदा "या, बसा" म्हणालो आहे. बायको म्हणाली, आदरातिथ्य चांगलंच आहे, पण माणसांनाही करावं. ऊन यायचं ते फक्त स्वयंपाकघरामागच्या चिंचोळ्या फरशीवर. दोन इमारतींच्या फटीतून सकाळी उतरायचं आणि दुपार झाली की निघून जायचं. तिथे बायकोची कपडे वाळत घालायची दोरी होती.

"टेबल बाहेर नेतो म्हणतोय," मी म्हणालो.

"कशाला?"

"जरा मोकळी हवा."

खोटं एवढंच बोललो. बाकी सगळं त्यातून निघालं.

"आयुष्यात कधी खिडकी उघडली नाहीत," ती म्हणाली, "आणि आता मोकळी हवा? न्या बाई. पण माझ्या दोरीला हात लावायचा नाही."

टेबल मागच्या दारात अडकलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. मी बाहेरच्या बाजूला होतो आणि बायको आतल्या, त्यामुळे आमचा बराचसा संवाद टेबलाखालून झाला. तो इथे देत नाही. आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे धरणवाले खाली आले. ते निवृत्त इंजिनिअर. उभं आयुष्य धरणं बांधण्यात गेलं, आणि निवृत्तीनंतर अडवायला पाणी राहिलं नाही म्हणून ते आता माणसांना अडवतात.

"काका, थांबा! ढकलू नका! ही लोडची केस आहे."

त्यांनी टेबलाचे पाय कापले. माझी परवानगी घेतली असावी, कारण मी "बरं" म्हणाल्याचं मला आठवतं. मी बहुतेक गोष्टींना बरं म्हणतो. टेबल बाहेर आलं, पाय पुन्हा जोडले, आणि एक पाय आखूड निघाला. टेबल लंगडू लागलं. मी पायाखाली पुठ्ठा घालणार, तेवढ्यात धरणवाल्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. "पुठ्ठा? अहो, मी जिवंत असताना पुठ्ठा?" दुसऱ्या दिवशी फरशी फोडून टेबलाचे चारही पाय सिमेंटमध्ये गाडले गेले. "आता भूकंप झाला तरी हलणार नाही," ते समाधानानं म्हणाले. मला भूकंपाची नव्हे, चहा सांडण्याची भीती होती. पण ते सांगायला उशीर झाला होता.

तरीही पहिली सकाळ मी विसरणार नाही. ऊन टेबलावर सांडलं होतं. मी पुस्तक उघडलं, मान खाली घातली आणि अक्षरं दिसली. स्पष्ट नव्हे, पण दिसली. कमान. कठडा. कोसळणे. मी भराभर कार्डं लिहीत गेलो. गेल्या कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि बरं वाटलं की मला लगेच काळजी वाटू लागते. ती रास्त ठरली. वारा सुटला.

कार्डं उडाली. नुसती उडाली नाहीत, वर्णक्रमानं उडाली. आधी 'क' गेला, मग 'ख', मग 'ग'. मी 'घ'वर पालथा पडलो म्हणून तेवढा वाचला. संध्याकाळपर्यंत लोक एकेक कार्ड आणून देत होते. सगळ्यांनी ती वाचलेली होती.

"काका, हे 'कोसळणे, ठेकेदाराच्या निष्काळजीपणामुळे' आमच्या बाल्कनीत आलं," तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांना वाटलं कुणीतरी धमकी टाकली. ते ठेकेदारच ना!" मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "आणि काका, तुम्ही एवढ्या उन्हात बसता? चक्कर येऊन पडाल एक दिवस. थांबा, आमच्याकडे मोठी छत्री पडून आहे."

"नको, खरंच नको, मला ऊन..."

"संकोच करू नका हो. पडूनच आहे ती."

छत्री आली. बागेत उभी करतात तसली, तंबूएवढी. तिच्याखाली माझं टेबल, माझं पुस्तक आणि माझा डावा डोळा, तिघंही गडद निळ्या सावलीत गेली. वहिनी बाल्कनीतून पाहत असायच्या, त्यामुळे छत्री मिटायची सोय नव्हती. त्या आत गेल्या की मी हळूच मिटायचो, बाहेर आल्या की उघडायचो. असं करताना एकदा बोट सापडलं. दुसऱ्याच्या चांगुलपणातून सुटण्याचा मार्ग मला अजून सापडलेला नाही. पुस्तकांतही नाही.

मग वाऱ्यानं छत्री उचलली आणि ती आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या स्कूटरवर नेऊन आपटली. मला वाटलं, सुटलो. पण धरणवाल्यांनी हा अपमान मनावर घेतला.

"छत्री म्हणजे तात्पुरता उपाय, काका. तुमचे प्रश्न दोन. वारा आणि ऊन. दोन्ही एकदम अडवू."

"ऊन राहू द्या," मी म्हणालो. "ऊन मला चालतं."

"चालतं म्हणून सोसायचं का? या वयात? सोशिकपणालाही मर्यादा असते. आम्ही मेलोय का?"

इथे मी सांगायला हवं होतं. अहो, मला दिसत नाही, मला ऊनच हवंय, एवढंच. तोंड उघडलंही होतं. पण वहिनी उभ्या होत्या, सेक्रेटरी स्कूटरचा वाकडा आरसा हातात घेऊन उभे होते, बायको दारात उभी होती. एवढ्या लोकांसमोर माणूस आंधळा कसा होणार? मी म्हणालो, "बरं."

वेल्डर आला. मोजक्या बोलण्याचा माणूस. त्यानं मला एकदाच विचारलं, "आजोबा, काम काय करता इथे?" मी म्हणालो, "लिहितो-वाचतो." तो म्हणाला, "मग खिडकी मोठी ठेवू." माझं मन भरून आलं. पण धरणवाले म्हणाले, "खिडकीतून वारा येणार. कार्डं उडणार. खिडकी लहान, आणि वर." त्यामुळे खिडकी तुरुंगाला असते तेवढी आणि तिथेच झाली. बाजूंना पत्रे, वर पत्रा, आणि त्याखाली एवढं लोखंड की वेल्डरनं स्वतःहून विचारलं, "साहेब, वर काय ठेवणार आहात?" धरणवाले म्हणाले, "काही नाही. पण हत्ती चढला तरी चालला पाहिजे."

अशा रीतीनं माझ्या घरातल्या अंधाराला मागे एक जादा खोली मिळाली. धरणवाल्यांनी स्वतः बल्ब लावून दिला. बायकोची दोरीही आतच गेली, तेव्हा टॉवेल माझ्या डोक्यावर ठिबकत वाळायचे, म्हणजे खरं तर वाळायचे नाहीत. मी रोज सकाळी त्या बल्बखाली पुस्तकाला नाक लावून बसायचो. अक्षरं ओल्या मुंग्यांसारखी इकडून तिकडे सरकायची. बाहेर सुंदर ऊन पडलेलं पत्र्याच्या तडतडण्यावरून कळायचं. प्रकाशकांचा फोन आला की मी म्हणायचो, "जोरात चाललंय."

"मोकळी हवा कशी आहे?" बायको विचारायची.

"उत्तम."

सगळीकडून निराशा झाल्यावर मदत आली ती नोटिशीच्या रूपानं. सेक्रेटरींना आरशाचं दुःख होतंच. त्यांनी पालिकेच्या कार्यालयात तक्रार केली आणि कागद आला: विनापरवाना बांधकाम का पाडू नये याचा खुलासा करावा. मी तो कागद नाकाशी धरून पुन्हा पुन्हा वाचला. इतकं आशादायक लिखाण माझ्या वाचनात फार दिवसांत आलं नव्हतं. पाडणार! पत्रे जाणार, ऊन येणार, आणि मला कुणाला काही सांगावं लागणार नाही. सरकार असावं ते यासाठी.

मी चेहरा पडलेला ठेवून इमारतीत वावरू लागलो. माझा चेहरा मुळात पडलेलाच असतो, त्यामुळे तो आणखी पडलेला पाहून लोक हादरले. सभा भरली. वहिनी म्हणाल्या, "म्हातारपणी बसायची एक जागा, तीही पाहवत नाही लोकांना?" धरणवाले म्हणाले, "पाडायला आले तर आधी माझ्यावरून जावं लागेल." सगळ्यांनी सेक्रेटरींकडे असं पाहिलं की बिचारे उभे राहिले आणि म्हणाले, "माझा विरोध तत्त्वाचा होता, काकांना नव्हता. उद्या पाहणीला येणाऱ्या साहेबांना मीच सांगतो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, कृतज्ञता.

इन्स्पेक्टर आले. मी ठरवलं होतं, आता नाही तर कधीच नाही. मी घसा खाकरून म्हणालो, "साहेब, नियमात बसत नसेल तर पाडा. माझी काही हरकत नाही. उलट..."

"बघा साहेब!" सेक्रेटरी मध्येच ओरडले. "कसा माणूस आहे बघा! स्वतःचं घर मोडतंय तरी नियमाचं बोलतो. असली माणसं राहिलीत का आता?"

इन्स्पेक्टरांनी टोपी काढली. त्यांनी पत्रे वाजवून पाहिले, खिडकी पाहिली, एक ओला टॉवेल बाजूला सारला आणि टेबलाला हलकासा धक्का दिला. टेबल हललं नाही. त्यांनी जोरात दिला. ते वाकून पाहू लागले.

"पत्र्यांचं काही नाही," ते म्हणाले. "स्क्रू काढले की निघतात. तात्पुरते. पण हे टेबल सिमेंटमध्ये आहे. हे पक्कं बांधकाम."

"टेबल?" मी विचारलं.

"हो. उघड्या जागेत पक्कं टेबल नियमात बसत नाही. छपराखाली बसतं. छपराखालच्या टेबलाला आम्ही अभ्यासिका धरतो." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका, आजोबा. एवढंच करा, की हे छप्पर कधीही काढू नका. काढलंत तर मात्र टेबल फोडावं लागेल."

टाळ्या पडल्या. माझ्या अंधाराला पालिकेचा क्रमांक मिळाला. तो पत्र्याच्या दारावर पांढऱ्या रंगानं लिहिलेला आहे. एवढा मोठा आहे, की तो मलाही वाचता येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बल्बखाली बसलो आणि 'ठ'च्या पुढे एक अक्षर सरकेना. वर पत्रा तडतडत होता. म्हणजे ऊन होतं. माझ्या टेबलाचंच ऊन, फक्त पत्र्याच्या पलीकडचं. आणि हत्ती चढला तरी चालणार होतं.

मी धाडसी माणूस नाही हे एव्हाना लक्षात आलं असेल. पण भित्र्या माणसाला कुणाशी बोलावं लागणं आणि शिडीवर चढणं यांत निवड करायची वेळ आली, तर तो शिडी निवडतो. पुस्तक बगलेत मारलं, कार्डांचा खोका मफलरनं गळ्यात बांधला आणि मी माझ्या अभ्यासिकेच्या डोक्यावर जाऊन बसलो.

ऊन असं होतं की वा! चहूबाजूंनी, भरपूर, फुकट. डॉक्टरांनी लिहून द्यावं तसं. मी पुस्तक उघडलं.

पान पांढरं होतं.

मी दुसरं उघडलं. पुस्तक नाकाशी नेलं, लांब नेलं, तिरकं धरलं. कडेकडेनं काळसर धूर असल्यासारखं काही दिसत होतं, आणि मधोमध, जिथे अक्षरं असायला हवीत, तिथे काही नाही. मी आभाळाकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे पाहिलं. मग मला कळलं, की एवढे दिवस मी छत्रीवर, पत्र्यांवर, धरणवाल्यांवर चिडत होतो, आणि त्यांचा काही दोष नव्हता. उजेड होता. आता तो अडवायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून हे कळलं.

खाली माणसं जमू लागली होती.

"काका वर चढले! अहो, काका वर चढलेत!"

"उपोषण आहे का?" सेक्रेटरींचा आवाज. "काका, मागण्या काय आहेत तेवढं सांगा! तक्रार तर मागे घेतली ना मी!"

"लोड वाटून बसा!" धरणवाले ओरडले. "काका, कडेला नको! मध्यावर!"

"अगं बाई, उडी मारतील ते," वहिनी म्हणाल्या. "कुणीतरी काकूंना बोलवा!"

बायको पदराला हात पुसत आली. तिनं वर पाहिलं, मग जमलेल्या मंडळींकडे पाहिलं. "त्यांना वाचायला ऊन लागतं," ती म्हणाली, जसं काही हे सगळ्यांना माहीतच असावं. "घरात दिसत नाही त्यांना. जा आता आपापल्या घरी, तमाशा नाही इथे."

मग धरणवाल्यांचा आवाज आला. तो कधी नव्हे एवढा बारीक झाला होता. "काका, सांगायचं होतंत ना. मी काचेचं छत केलं असतं."

लोक पांगले. बायको शिडीला धरून गुडघे मोजत चढली, अर्ध्यावर थांबली आणि तिथल्याच पायरीवर टेकली. तिचं डोकं तेवढं पत्र्याच्या वर आलं.

"तुला कधीपासून माहीत?" मी विचारलं.

"तुम्ही रेनकोटला 'या, बसा' म्हणालात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मोकळी हवा म्हणालात. म्हटलं, घेऊ दे हवा." तिनं घाम पुसला. "दिसतंय का इथे तरी?"

मी पुस्तक मिटलं. तिनं हात लांब करून माझ्या मांडीवरचं पुस्तक ओढून घेतलं, डोळ्यांवरचा चष्मा सारखा केला आणि कुठलंतरी पान उघडलं.

"कुठवर आलात?"

"ठ."

"'ठेकेदार'. हा तर प्रत्येक पानावर आहे."

"प्रत्येक पानाचा आकडा घालायचा."

"कशाला? 'ठेकेदार, सर्वत्र' असं लिहा की."

"तसं चालत नाही."

"का नाही चालत? वाचणाऱ्याला कळतंय ना?"

मी तिला सूचीचे नियम सांगू लागलो. तिला एकही पटला नाही.

सूची पुरी झाली ती त्या पत्र्याच्या खोलीतच, बल्बखाली. ती वाचायची, मी कुठलं कार्ड कुठे लावायचं ते सांगायचो, आणि वर टॉवेल ठिबकायचे. अक्षरांचा क्रम माझ्या डोक्यात पक्का होता, त्याला उजेड लागत नव्हता. आम्ही रोज भांडलो. 'पडझड' आणि 'कोसळणे' एकच, असं तिचं म्हणणं आणि ते दोन निराळे विषय आहेत, असं माझं. तिथे मी माघार घेतली नाही. 'ठेकेदार'च्या बाबतीत घेतली. धरणवाले दोनदा काचेचं मोजमाप घ्यायला आले. तिनंच त्यांना परत पाठवलं.

पुस्तक छापून आलं. तिनं शेवटची पानं उघडून बराच वेळ पाहिली, मग विचारलं, "तुमचं नाव कुठंय?"

"सूची करणाऱ्याचं नाव छापत नाहीत. आजवर कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही."

"आणि यात?"

"यातही नाही," मी म्हणालो. "फक्त यावेळी दोघांचं छापलेलं नाही."